उतारा आणि घड्याळ : शालान्त परीक्षेतील इंग्रजी आकलनाच्या सरावाविषयी काही विचार

माध्यमिक शालान्त परीक्षेस बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या एका विद्यार्थ्याची सराववही अलीकडे पाहण्यात आली. प्रत्येक इंग्रजी उताऱ्याखाली मिळालेल्या गुणांच्या शेजारी त्याने लागलेला वेळही टिपून ठेवला होता. जूनमध्ये एका उताऱ्यास अठ्ठावीस मिनिटे लागत. डिसेंबरात तेच काम चौदा मिनिटांत होऊ लागले होते. वहीवर शिक्षकांचा संतोषदर्शक शेरा होता. गुण मात्र जूनमध्ये जेवढे होते जवळजवळ तेवढेच राहिले होते. वाचावयास शिकविणे व वेळेत उरकावयास शिकविणे या दोन क्रिया एकच आहेत, असे गृहीत धरून आपण सराव घेतो. या गृहीतकाची तपासणी करण्याचा येथे विचार आहे.

प्रथम वेळेचा हिशेब पाहू. इंग्रजी तृतीय भाषेची लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची असून तिला मुळात ३ तास असतात; म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटे. पाठ्यपुस्तकातील दोन गद्य उताऱ्यांना २० गुण, पुस्तकाबाहेरील उताऱ्यास १० आणि त्याच विभागातील सारांशलेखनास ५, असे ३५ गुण उताऱ्यांवर अवलंबून असतात. दहा गुणांच्या उताऱ्याच्या वाट्याला सुमारे साडेबावीस मिनिटे येतात. परीक्षेतील उतारा सावकाश, दोन वेळा वाचला तरी त्यातील पाचसहा मिनिटांहून अधिक खर्ची पडू नयेत. उरलेला सारा वेळ लेखनाचा आहे. तथापि सरावात काटकसर होते ती वाचनाच्याच वेळात. प्रश्न आधी वाच, उताऱ्यात तो शब्द हुडक, ते वाक्य उतरून घे, हा उपदेश शिकवणीवर्गांतून सर्रास दिला जातो. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांची गोष्ट तर याहून निराळी. ते वर्षभर घोटलेले असतात. तेथे घड्याळ मोजते ते स्मरण. तेव्हा वाचनाची खरी कसोटी म्हणावी अशी जागा पंधरा गुणांपुरतीच राहते.

शब्द हुडकण्याची ही रीत कोठे फसते, ते एका रचलेल्या उदाहरणाने पाहावे. उताऱ्यात असे वाक्य आहे असे समजू : ‘द ओल्ड बोटमन रिफ्यूज्ड द मनी, बट नॉट बिकॉज ही वॉज रिच, ही हॅड सीन द बॉईज टॉर्न शूज.’ प्रश्न : नावाड्याने पैसे का नाकारले? ‘का’ या प्रश्नास ‘बिकॉज’ हे उत्तर, अशी जोडी विद्यार्थ्याच्या मनात पक्की बसलेली असते. तो झरकन लिहितो की नावाडी श्रीमंत होता. मुलाचे फाटके बूट हे खरे कारण पुढील खंडात आहे. पण तेथे ‘बिकॉज’ नाही, म्हणून त्याची नजर तेथवर जातच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ मध्ये परिच्छेदवाचनातील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नेमक्या या दोषाची मीमांसा आहे. एखाद्या शब्दाचा वाचकाच्या मनावर वाजवीहून अधिक प्रभाव पडतो, शेजारच्या शब्दाचा वाजवीहून कमी. आणि अर्थ बिघडतो. परिच्छेद समजणे हे गणितातील उदाहरण सोडविण्यासारखे आहे, योग्य घटक निवडून त्यांना योग्य ते वजन द्यावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शंभर वर्षांपूर्वी जो दोष म्हणून दाखविला गेला, तोच आज युक्ती म्हणून शिकविला जात आहे, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत या दोषास आणखी एक कारण संभवते, आणि त्याकडे आपल्या शिक्षणशास्त्रीय लेखनात पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते व नकारही त्याच्या सोबतीने शेवटीच उभा असतो. ‘तो श्रीमंत होता म्हणून नव्हे’ असे आपण म्हणतो. निर्णय अखेरच्या शब्दात असतो. इंग्रजीत ‘नॉट’ आधी येऊन जातो आणि वाक्यखंड संपतो तो ‘रिच’ या शब्दावर. शेवटाकडे कान देऊन ऐकण्याची सवय असलेल्या वाचकाच्या मनात हा अखेरचा शब्दच रेंगाळत असावा, असे मला वाटते. नामामागून येणाऱ्या ‘हू’, ‘विच’ इत्यादींच्या उपवाक्यांचीही हीच कथा. आपली ‘जो–तो’ ही जोडी ऐकणाऱ्यास आधी सावध करते. इंग्रजी उपवाक्य सूचना न देता मध्येच शिरते. सावकाश वाचताना हा फरक सांभाळता येतो. घाईत मात्र मन आपल्या मूळ भाषेच्या वळणावर जाते.

जुन्या शाळांतून संस्कृतचे शिक्षक श्लोकाचा अन्वय लावून घेत. कर्ता कोणता, क्रियापद कोणते, विशेषण कोणाचे, हे विचारल्यावाचून अर्थाकडे वळण्याची परवानगी नसे. त्या पद्धतीचे दोष काढणारे पुष्कळ झाले व त्यांतील काही दोष खरेही होते. तरी अन्वयाच्या तासाला कोणी घड्याळ लावल्याचे ऐकिवात नाही. इंग्रजी उताऱ्याला असा अन्वय आपण जवळजवळ लावतच नाही.

यावर असा आक्षेप येईल की परीक्षा वेळेतच द्यावयाची असते, आणि संथ वाचणारा विद्यार्थी अखेरच्या प्रश्नापर्यंत पोहोचत नाही. आक्षेप खरा आहे. वेग हा वाचनाचा शत्रू नव्हे. बंगालमधील विद्यार्थ्यांसाठी वाचनाला अग्रस्थान देणारे मायकेल वेस्ट यांनीही मुलांनी पुष्कळ व ओघाने वाचावे असाच आग्रह धरला. परंतु त्यांनी ओघ आणला तो नवे शब्द विरळ पेरून, मजकूर सुगम करून. १९२६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी विम्याच्या परिभाषेतील ‘सरेंडर व्हॅल्यू’ ही कल्पना भाषाशिक्षणास लावली : मध्येच शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती काय उरते? दहावीनंतर ज्यांचे शिक्षण थांबते अशा मुलामुलींच्या हाती शब्द हुडकण्याची युक्ती उरली, तर बँकेचा अर्ज वा औषधाचे पत्रक समोर आल्यावर तिचा उपयोग नाही. तेथे प्रश्न छापलेले नसतात.

म्हणून सरावाचा क्रम बदलावा, एवढेच सुचवावयाचे आहे. दिवाळीपर्यंत घड्याळ दूर ठेवावे, प्रश्न झाकून उतारा वाचून घ्यावा, प्रत्येक अवघड वाक्यातील कर्ता, क्रियापद व नकार शोधून घ्यावा, आणि उताऱ्याचा आशय मराठीत दोन वाक्यांत सांगावयास लावावे. वेळ लावावयाची ती त्यानंतर, आणि तीही वाचनाची व लेखनाची वेगवेगळी टिपून. विद्यार्थी कोठे अडतो ते तेव्हाच दिसेल.

परीक्षेच्या व्यवस्थेतही या संदर्भात एक बदल घडून गेला. पूर्वी प्रश्नपत्रिका नियोजित वेळेच्या दहा मिनिटे आधी हाती पडे व लेखणी न उचलता ती वाचता येई. प्रश्नपत्रिका बाहेर फुटू नये म्हणून २०२३ च्या परीक्षेपासून ही सवलत बंद झाली आणि भरपाई म्हणून दहा मिनिटे अखेरीस जोडली गेली. कारण रास्त होते, वेळेची बेरीजही तीच राहिली; पण केवळ वाचनासाठी राखलेली दहा मिनिटे लेखनाकडे गेली. त्याविषयी इंग्रजीच्या शिक्षकांत विशेष चर्चा झाल्याचे मला आढळले नाही.