चुकीची किंमत कोण भरतं? – ‘सिच्युएटेड लर्निंग’ वाचताना

‘लोक काम कसं शिकतात’ या विषयावर संशोधन करायचं म्हटलं, की एक पुस्तक हमखास वाचायला सांगतात: जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं ‘सिच्युएटेड लर्निंग’ (१९९१). पुस्तक छोटं आहे, पण भाषा जड. मुद्दा मात्र सोपा. शिकणं म्हणजे डोक्यात माहिती भरणं नव्हे. काम करणाऱ्या माणसांत कडेनं शिरायचं आणि हळूहळू पूर्ण काम अंगावर घ्यायचं.

त्यातलं गाजलेलं उदाहरण लायबेरियातल्या वाय आणि गोला शिंप्यांचं. तिथला शिकाऊ आधी इस्त्री करतो, काजं-बटणं करतो, मग शिवतो आणि कापड बेततो सगळ्यात शेवटी. म्हणजे कपडा तयार होण्याचा क्रम बरोबर उलटा. कारण उघड आहे. बटण चुकलं तर काढून पुन्हा लावता येतं, कापड चुकीचं कापलं तर ते गेलं.

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर मी बांबूची टोपली विणायला शिकत होते, तेव्हा हे तंतोतंत पटलं. बाबांनी पहिले दोन दिवस कोयत्याला हात लावू दिला नाही. तयार कामट्या पुढ्यात टाकल्या आणि तळ विणायला बसवलं. उभ्या कामट्यांची संख्या विषम ठेवायची, म्हणजे दर फेरीला वर-खाली आपोआप बदलतं, हे तिथं कळलं. चुकलं की ते शांतपणे उसवायचे.

तिसऱ्या दिवशी मी हट्टानं कोयता घेतला. बांबू चिरताना चीर एका बाजूला पळते. ती मध्यावर आणायला जाड बाजू जास्त वाकवावी लागते. मी बारीक बाजू वाकवली. अख्खं पेर वाया गेलं. बाबा एवढंच म्हणाले, “असूदे पोरी, चुलीला होईल.”

युरोपातली बॉबिन लेस याच्या दुसऱ्या टोकाला आहे. उशीवर टाचण्या, दोरा गुंडाळलेल्या लाकडी दांड्या, आणि मूळ हालचाली दोनच: एक फुलीची, एक पिळाची. नवशिक्याचं चुकलं तर टाचण्या काढून, त्याच हालचाली उलट्या करत मागे जाता येतं. वेळ जातो, दोरा बहुधा वाचतो. चिरलेला बांबू मात्र सांधता येत नाही. म्हणून मला वाटतं, कुठल्याही कलेत शिकवण्याचा क्रम बघायचा असेल तर आधी विचारावं: इथली कोणती चूक परत फिरवता येते?

इथवर पुस्तक आपल्याला नेतं. पुढं मात्र ते कमी पडतं. कडेच्या कामात चुकीची किंमत कमी असते, हे लेखक सांगतात. ती कोण भरतं, यावर ते रेंगाळत नाहीत. पुस्तक सत्तेबद्दल गप्प आहे असं नाही. मांस कापणाऱ्यांच्या उदाहरणात शिकाऊंना पाकिटं बांधायला वेगळं बसवलं जातं आणि कसबी हात त्यांना दिसतच नाहीत, हे त्यात आहे. पण त्यांचा शिकाऊ पुढं त्याच कामात राहणार, हे गृहीत आहे. त्याच्या चुका म्हणजे एक प्रकारची गुंतवणूक. संशोधक तर निघून जाणार. आणि जव्हार-मोखाड्यात शिकवणारं घरच वर्षभर जागेवर असेल असं नाही. पावसाळा सरला की कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या हातात असलेल्या थोड्या दिवसांतले तीन मी घेतले होते.

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: “प्रत्यक्ष सहभागामुळे विश्वास निर्माण झाला.” वाचताना लाज वाटली. विश्वास वाढला असेलही, पण त्या आठवड्यात बाबांची एक टोपली कमी झाली. पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. हेही आता प्रकरणात लिहिलंय.

तुम्ही ‘सहभागी निरीक्षण’ करणार असाल तर हे पुस्तक जरूर वाचा. फक्त वहीत तीन रकाने आखून ठेवा: काय चुकलं, काय वाया गेलं, ते कोणी सोसलं. तिसऱ्या रकान्यात आपलं नाव क्वचितच येतं.