चांगला कॅमेरा म्हणजे नेमके काय?

नव्या स्मार्टफोनची जाहिरात आली की तिच्यात पहिला आकडा असतो मेगापिक्सेलचा. २०१२ साली नोकियाच्या ८०८ प्युअरव्ह्यू या फोनात ४१ मेगापिक्सेल होते. २०२३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस२३ अल्ट्रामध्ये ते २०० झाले. पुढच्या फोनातला कॅमेरा याहूनही चांगला असेल, असे दरवर्षी सांगितले जाते. तो असेलही, पण ‘चांगला’ कशासाठी, हा प्रश्न जाहिरात विचारत नाही. तो आपण विचारू.

२०० मेगापिक्सेलच्या त्या संवेदकाचा आकार सुमारे १० मिमी × ७ मिमी आहे. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला ०.६ मायक्रोमीटर बाजूचा चौरस येतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबीच सुमारे ०.५५ मायक्रोमीटर! भिंग कितीही निर्दोष असले तरी विवर्तनामुळे प्रकाशबिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. या फोनाच्या एफ/१.७ भिंगासाठी तिचा व्यास २.४४ × ०.५५ × १.७, म्हणजे सुमारे २.३ मायक्रोमीटर येतो. या व्यासात जवळजवळ चार पिक्सेल मावतात. पिक्सेल आणखी बारीक केले, तरी तपशील त्या प्रमाणात वाढणार नाही, हे उघड आहे.

आता अंधाराकडे वळू. हरसूलच्या डोंगराळ टापूत भर पावसाळ्यात दुपारीही वर्गात अंधूक प्रकाश असतो. बोहाड्याची सोंगे तर रात्रीच नाचतात. अशा वेळी एका पिक्सेलवर १०० प्रकाशकण पडले, तर त्या संख्येतला स्वाभाविक चढउतार तिच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १० असतो, शेकडा १०. सोळा पिक्सेल एकत्र केले तर प्रकाशकण १६००, चढउतार ४०. शेकडा फक्त २.५. म्हणूनच हा फोन नेहमीच्या वापरात सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतो. खरा लाभ होतो तो मोठ्या संवेदकाचा, आणि त्याचा आकार जाहिरातीत शोधावा लागतो.

उरलेली उणीव संगणन भरून काढते. एकापाठोपाठ घेतलेली अनेक चित्रे जुळवून त्यांची सरासरी काढणे, यात गैर काही नाही. प्रयोगशाळेत आपण मापनाची पुनरावृत्ती करतो, तसेच हे आहे. पण मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवले आणि सॅमसंगच्या फोनने दुरून त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले तपशील फोटोत उमटले! फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या प्रणालीने तपशील उठावदार करतो, असे कंपनीने स्पष्ट केले.

आमचा आक्षेप येथे आहे. सहलीचा फोटो देखणा झाला तर कोणाचे बिघडत नाही. पण विद्यार्थ्याने पानावरच्या किडीचा, चंद्रकलेचा किंवा बोहाड्याच्या मुखवट्याचा फोटो नोंद म्हणून काढला, तर त्यात दिसणारे सारे समोर होते, याची खात्री हवी. जे भिंगातून आलेच नाही ते चित्रात घालणे म्हणजे प्रयोगवहीत न घेतलेले वाचन लिहिणे. ते आपण विद्यार्थ्याला करू देत नाही. मग यंत्राला का द्यावे?

वर्गात एक प्रयोग करता येईल. बारीक अक्षरांचा एक कागद भिंतीवर लावा. तोच फोन, तेच अंतर ठेवून एक फोटो दुपारी, एक सांजवेळी काढा. दोन्ही मोठे करून पाहा: कोठे दाणे दिसतात, कोठे अक्षरे गुळगुळीत होऊन वाचेनाशी होतात? नंतर धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचाही प्रयोग करा. नोंदी विद्यार्थ्यांनीच लिहाव्यात.

पुढच्या फोनाकडून आमची अपेक्षा साधी आहे: संवेदक मोठा असावा, आणि संस्कार न केलेले चित्र मागितल्यास मिळावे. मेगापिक्सेल कितीही असोत.