मदत मागायची कुणी?

विद्यार्थ्याने कॉलेजजीवनात मिसळावे, तरच तो टिकतो, हा व्हिन्सेंट टिंटो यांच्या १९८७ च्या ग्रंथाचा रोख. लॉरा रेंडॉन यांनी १९९४ च्या लेखात तो उलटवला. टेक्सासातल्या लारेडोच्या गरीब वस्तीतून, कम्युनिटी कॉलेजातून वर आलेल्या या बाई. त्या म्हणतात, हात आधी शिक्षकाने पुढे करावा. घरच्यांचा, मित्रांचा धीरही मोलाचा. मला हे पुरते पटते. लॅटिनो पोरगा मदत मागत नाही, कारण विचारले की आपले अज्ञान उघडे पडेल, ही धास्ती. (ही धास्ती आपल्यालाही ठाऊक आहे.) पण ही सारी भिस्त शिक्षकावर. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांतले बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ. तास संपला की पुष्कळजण दुसऱ्या कॉलेजाकडे धावतात. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकासारखेच. पोराने त्यांना गाठायचे कुठे?