तिला काय वाटतं?

इटालियन शिकायला लागलं की मत विचारायचे चार-पाच प्रश्न लवकरच तोंडात बसतात. 'के ने पेन्सी?' म्हणजे, याबद्दल तुझा काय विचार? 'के ने दीची?' म्हणजे, काय म्हणतेस? हा बहुतेक वेळा बेत ठरवताना येतो. 'सेकोन्दो ते?' म्हणजे, तुझ्या मते? चौथ्याचं, 'के ते ने पारे?'चं, मराठी तर तयारच आहे: तुला काय वाटतं? दोन्ही भाषांत इथे माणूस कर्ता नसतो. 'मी ठरवलं' असं नाही, 'मला वाटलं' असं. उत्तर सुचत नसेल तर खांदे उडवून 'बो' म्हणायचं, म्हणजे 'काय माहीत!' या प्रश्नात समोरच्याला निसटायला जागा असते, म्हणूनच तो मित्रांमध्ये चालतो.

याच 'पारे'वर लुइजी पिरांदेल्लोने १९१७ साली रंगभूमीवर आलेल्या एका नाटकाचं नाव बेतलं: 'कोसी ए (से वी पारे)'. असं आहे (तुम्हाला तसं वाटत असेल तर). इंग्रजीत त्याचं 'राइट यू आर (इफ यू थिंक सो)' झालं आणि 'वाटणं' जाऊन 'विचार करणं' आलं. मराठी वाचकाला मूळ नाव जास्त जवळचं वाटेल.

गोष्ट एका छोट्या शहरातली. पोन्त्सा नावाचा सरकारी नोकर तिथे नवा आलाय. बायकोला त्याने गावाबाहेर वरच्या मजल्यावर ठेवलंय, सासूला गावात. मायलेकी अंगणातून बोलतात, टोपलीतून चिठ्ठ्या वर-खाली करतात. सासू म्हणते, जावई भ्रमिष्ट आहे, ती माझीच मुलगी. जावई म्हणतो, सासूच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिची मुलगी वारली, ही माझी दुसरी बायको. कागदपत्रं भूकंपात गेलेली. मग सगळं गाव दिवाणखान्यात जमून खरं-खोटं करायला बसतं.

या मंडळींचे प्रश्न पाहा. त्यात 'के ते ने पारे?'चा मोकळेपणा नाही, उलटतपासणी आहे. दोन दुखावलेली माणसं एकमेकांना सांभाळून जगताहेत, आणि शेजाऱ्यांना पुरावा हवाय. लाउदीझी एकटाच त्यांना हसतो. हा भाग मला आजही झोंबतो. कुणाचं ब्रेकअप झालं की दोघांचे स्क्रीनशॉट मागवणारे आपलेही ग्रुप असतात.

पण माझं भांडण शेवटाशी आहे. अखेर त्या बायकोलाच बोलावतात. ती बुरख्यात येते आणि सांगते की ती सासूची मुलगीही आहे आणि पोन्त्साची दुसरी बायकोही. स्वतःसाठी ती कुणीच नाही. पडदा. सत्य सापेक्ष असतं, असा याचा अर्थ लावतात आणि शेवट थोर ठरवतात. मला तो सोयीचा वाटतो. तीन अंक तिच्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी वाटतं. तिला काय वाटतं, हे मात्र कुणी विचारत नाही. तू कोण, एवढंच विचारतात. वरच्या मजल्यावर राहणं तिला पटतं का? आईला जवळ घ्यावंसं वाटतं का? नावातल्या 'वी'मध्ये, त्या 'तुम्हाला'मध्ये, शेजारी बसतात, प्रेक्षक बसतात. ती बसत नाही. पिरांदेल्लोने तिला कोड्याचं उत्तर केलं आणि मत काढून घेतलं.

तिने सगळ्यांना जपण्यासाठी स्वतःला पुसून टाकलं, असंही म्हणता येईल. येतंच. पण मग तो त्याग तिने निवडला की तिच्यावर लादला गेला, हे नाटकाने विचारायला हवं होतं. आपल्याकडे पाहण्याचा कार्यक्रम उरकल्यावर 'मुलगी कशी वाटली?' हा प्रश्न घरभर फिरतो. व्याकरण तेच, 'वाटणं' तेच, आणि मुलगी त्यात फक्त विषय.

तरी नाटक जरूर वाचा, तीन अंकांचंच आहे. वाचताना प्रत्येक प्रवेशात एकच बघा: कोण कुणाला विचारतंय, आणि ज्याला विचारलंय त्याला 'बो' म्हणायची मुभा आहे का.