हकची नदी, जिमची नदी

मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' (1884) पहिल्यांदा वाचली तेव्हा मिसिसिपी मला सरळसरळ स्वातंत्र्याचं प्रतीक वाटली. तराफा, उघडं आभाळ, मारकुट्या बापापासून सुटका. पुन्हा वाचताना नकाशा उघडला आणि अडखळले. ही नदी दक्षिणेला वाहते, म्हणजे गुलामगिरीच्या आणखी आत. केरोला उतरून ओहायो नदीने मुक्त राज्यांत जायचं, हा जिमच्या सुटकेचा बेत. पण केरो धुक्यात मागे राहतं. हकला मोकळं करणारा प्रवाहच जिमला धोक्यात नेतो.

म्हणून मला वाटतं, हकला नदी मोठं करत नाही. जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र तो फाडतो, तेव्हा तराफा थांबलेला असतो. प्रवाहाविरुद्ध जाणं त्याला तिथे जमतं.