लॅपटॉपची बॅटरी आणि पडद्यावरचे ठिपके

लॅपटॉपची बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून पडद्याचे रिझोल्यूशन कमी करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. वीज गेल्यावर शाळेत तो पाळणारे शिक्षकही असतील. आमच्या मते या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे.

रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची, म्हणजेच पिक्सेलची, संख्या. एलसीडी पडद्यातला पिक्सेल स्वतः प्रकाश देत नाही. प्रकाश देतात मागचे दिवे. पिक्सेल म्हणजे त्यांच्यापुढच्या इवल्या झडपा. प्रत्येक झडपेचा ट्रान्झिस्टर आणि तारा थोडा प्रकाश अडवतात. तेवढ्याच पडद्यात तशाच झडपा वाढवल्या, की अडणारा प्रकाश वाढतो आणि मागचे दिवे अधिक प्रखर करावे लागतात.

ॲपल कंपनीने २०१२ साली काढलेले १५ इंची मॅकबुक प्रो पाहा. साध्या पडद्यात १४४० × ९००, म्हणजे १२,९६,००० पिक्सेल होते. 'रेटिना' पडद्यात २८८० × १८००, म्हणजे बरोबर चौपट. दोन्ही लॅपटॉप इंटरनेट वापरताना सात तास चालतील, असे कंपनीने सांगितले होते. मग वाढीव पिक्सेल फुकटात मिळाले काय? नाही. पहिल्याची बॅटरी ७७.५ वॉट-तासांची होती, दुसऱ्याची ९५. सातने भागल्यास सरासरी खर्च अनुक्रमे सुमारे ११.१ व १३.६ वॉट येतो. दोहोंत इतर फरकही होते, म्हणून सगळे अडीच वॉट पडद्याच्या नावावर मांडता येत नाहीत. पण नुसते 'सात तास' वाचणाऱ्याला मोठी बॅटरी दिसतच नाही, हा आमचा आक्षेप आहे.

आता सल्ल्याकडे वळू. सेटिंगमध्ये १९२० × १०८० ऐवजी १२८० × ७२० निवडले, तरी पडद्यातल्या झडपा तेवढ्याच राहतात आणि दिवेही तसेच पेटलेले असतात. कमी होते ते फक्त चित्र रचणाऱ्या चिपचे काम. संगणकावरील खेळात ही बचत जाणवू शकेल. धडा टंकताना ती नगण्य असते आणि अक्षरे मात्र धूसर होतात. खरी बचत पडद्याचा उजेड कमी केल्याने होते.

हे आमच्या शब्दावर मानू नये. बॅटरी पूर्ण भरून एकच चित्रफीत तासभर लावावी: एकदा नेहमीप्रमाणे, एकदा रिझोल्यूशन उतरवून, एकदा उजेड निम्मा करून. दर वेळी किती टक्के बॅटरी खर्च झाली, ते विद्यार्थ्यांनी फळ्यावर लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा धडाही त्यातून आपोआप मिळेल.