एकट्याचें वऱ्हाड

दुसऱ्याची नक्कल करणें हा केवळ गुण कीं कला, हा वाद आमच्या घरीं जेवणाच्या पंगतीला नवा नाहीं. नटांचा व पुढाऱ्यांचा आवाज हुबेहूब काढणारा विनोदकार हा कलावंतच, असें मुलांचें म्हणणें. आम्ही म्हणतों, तो उत्तम आरसा खरा. पण समोर माणूस उभा असेल तोंवरच. २०१४ सालीं सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांतील नकलांना आम्हीहि पोट धरून हसलों आहों. परंतु तेथें हंशाची अर्धी सामग्री प्रेक्षक घरूनच घेऊन येतो. मूळ पुरुष विस्मृतींत गेला कीं त्याची नक्कलहि निस्तेज होते.

अशा वेळीं आम्ही प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचें नांव पुढें करतों. तेव्हांच्या औरंगाबादेस, विद्यापीठांत नाट्यशास्त्र शिकविणाऱ्या या गृहस्थांनीं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग स्वतःच लिहिला व वर्षानुवर्षें केला. पात्रें ५२, रंगमंचावर माणूस एक! कथानक म्हणाल तर चार ओळींचें. खेड्यांतला मुलगा विलायतेस जातो, तेथील मुलीशीं लग्न ठरवितो, आणि मराठवाड्यांतलें सारें गणगोत विमानांत बसून निघतें. यांतल्या एकाहि माणसाचें छायाचित्र कधीं वर्तमानपत्रांत आलेलें नाहीं. तरी प्रेक्षक म्हणतोच, "अरे, हा तर आमचा मामा!" मूळ ठाऊक नसतां नक्कल ओळखूं येते, तेथें नक्कल संपून निर्मिति सुरू झाली, असें आम्ही समजतों.

आमच्या बिडकीनवरून जाणारा रस्ता पैठणास पोंचतो. सोळाव्या शतकांत तेथें नाथांनीं भारुडांतून जोशी, गोंधळी, विंचू डसलेला माणूस अशीं किती सोंगें एकट्याच्या वाणींत उभीं केलीं! देशपांडे त्याच रस्त्यावरचे बहुरूपी होत.

प्रयोगांत दोष नाहींत असें नव्हे. ती इंग्रज वधू इतरांच्या मानानें फिकी; लेखकाचा जीव गांवांतच गुंतला आहे. दुसरी शंका अधिक बोंचणारी. पुण्यामुंबईचा प्रेक्षक हंसतो तो आमच्या माणसांबरोबर कीं आमच्या बोलीला? आम्ही कॉलेजांत असतां गांवाकडचा शब्द तोंडांतून निसटला म्हणजे वर्गांत हंशा पिके. तो अजून कानांत आहे. म्हणून पहिला प्रयोग आम्हीं जरा अंग चोरूनच पाहिला. पण देशपांड्यांचीं माणसें भांबावतात, लाचार होत नाहींत. लंडनलाहि तीं आपल्याच बोलींत भांडतात, आणि हंशा त्यांच्या बाजूनें पडतो.

२००९ सालीं देशपांडे गेले. पुढें हाच प्रयोग संदीप पाठक करूं लागले, तेव्हां आमच्या मताची परीक्षाच झाली. आवाज निराळा, देह निराळा, तरी वऱ्हाड निघालेंच. हा पुरावा आम्हीं पंगतींत मोठ्या डौलानें मांडला. त्यावर धाकट्या चिरंजीवांनीं विचारिलें, "बाबा, बिडकीनच्या शिवारांत आतां कारखाने उभे राहत आहेत. तुमचा तो मामा आम्हीं पाहिलेलाच नाहीं. मग आम्हांला तो कसा ओळखूं येणार?"

आमच्या ताटांतला भात तोंवर निवाला होता.